गेंदाबाईंचे मिस्टर

“याला पाणी कोण घालतं?” मॅडमनी विचारलं, आणि मास्तरांनी तोंड उघडायच्या आत त्यांची बायको म्हणाली, “कुणीच नाही.”

रोपवाटिकेच्या मागच्या भिंतीशी, खताच्या ढिगाच्या बाजूला, सांडपाण्याच्या फुटक्या पाइपाचे हात-हात लांबीचे तुकडे उभे करून ठेवले होते. त्यांत खडी, वाळू आणि एकेक रोप. तुकडे बारा, रोपं अकरा; एक उगवलंच नव्हतं. पानं करवतीसारखी कातरलेली, पाठीमागून पांढुरकी, कडेचे काटे अजून कोवळे. मॅडम चिखलाची पर्वा न करता गुडघ्यांवर बसल्या होत्या आणि एकेका पानाखाली बोट घालून ते उचलून बघत होत्या.

“काटेगेंदच आहेत,” त्या हळूच म्हणाल्या. “किती दिवसांचे?”

“साडेचार महिन्यांचे झाले असतील,” बायको म्हणाली.

“साडेचार महिने!” मॅडम वळून मास्तरांकडे बघत म्हणाल्या. “मास्तर, तुम्ही बोलला नाहीत ते?”

मास्तर काय बोलणार? ते हातात झारी घेऊन दुसऱ्याच्या घरात चुकून शिरलेल्या माणसासारखे उभे होते. त्यांनाही ते आत्ताच कळत होतं.

मास्तर म्हणजे काही शाळामास्तर नव्हेत. वनस्पती संशोधन केंद्राच्या रोपवाटिकेत सत्तावीस वर्षं काढलेला हा माणूस. कुठलंही बी द्या, मास्तर ते उगवून दाखवणार, अशी त्यांची ख्याती. रोपांची शाळा चालवतात म्हणून कुणीतरी गमतीनं मास्तर म्हणाला आणि तेच नाव पडलं. बायको दोन वर्षांपूर्वी हंगामी म्हणून लागली, कुंड्या धुवायला. तिलाही मग ओघानंच मास्तरीणबाई म्हणू लागले. मास्तरांना ते ऐकायला आवडायचं. आपल्या नावाच्या सावलीत बायको उभी आहे, असं काहीसं वाटायचं.

या सगळ्या ख्यातीला एकच डाग होता, तो काटेगेंदाचा. केंद्रासमोरच्या डोंगराच्या खडकाळ उतारावर हे काटेरी झाड येतं. पाच-सहा वर्षं नुसतं पानांचं चक्र जमिनीला चिकटून बसतं. मग एका वर्षी मधून दांडा वर काढतं, चेंडूसारखी निळी फुलं येतात, बी धरतं आणि झाड मरून जातं. आयुष्यात एकदाच फुलायचं. आणि त्याची मुळी औषधी. पोटाच्या नाना तक्रारींवर तिचा काढा देतात, त्यामुळे मागणी फार. मुळी काढणारे ती फुलायच्या आधीच काढतात, आणि न फुललेल्या झाडाचं बी कुठून येणार? बारा वर्षांपूर्वी मोजली तेव्हा चारशेच्या वर झाडं होती. यंदा एकेचाळीस.

केंद्रात या झाडावर संशोधन करणाऱ्या मॅडमनी तीन वर्षं थोडं थोडं बी आणून मास्तरांच्या हवाली केलं होतं. मास्तरांनी उत्तम माती चाळली, कुजलेलं खत घातलं, ट्रेमध्ये ओळीनं बी लावलं, सकाळ-संध्याकाळ बारीक फवारा दिला. बी उगवायचं, चार पानांवर यायचं आणि मग एका रात्रीत माना टाकायचं. तीन वर्षं तेच. शेवटी मास्तरांनी हात टेकले. “हे झाड माणसाच्या हातचं नाही, मॅडम,” असं त्यांनी सांगून टाकलं होतं, आणि उरलेलं हलकं, फोल वाटणारं बी सुपानं पाखडून कचऱ्यात टाकलं होतं.

तेच बी बायकोनं कचऱ्यातून वेचलं होतं.

“तुम्हाला कसं सुचलं हे?” मॅडमनी तिला विचारलं.

“सुचायचं काय त्यात? माझी आई मुळ्याच काढायची ना. मी आठ वर्षांची असल्यापासून तिच्याबरोबर डोंगरावर. मुळी हातभर खोल जाते सरळ. वाटेत अडली की झाड मरतं. ट्रेमध्ये कुठे जागा असते तिला? आणि खडकावर येणारं झाड ते, त्याला कोण झारीनं पाणी घालतंय?” एवढं बोलून ती थांबली आणि तिनं झारीकडे बघितलं. मग नवऱ्याकडे बघायचं टाळलं.

घरी आल्यावर मास्तर चपला न काढताच म्हणाले, “तुझी आई मुळ्या काढायची, हे मला सव्वीस वर्षांत कधी सांगितलं नाहीस.”

“तुम्ही कधी विचारलं नाहीत.”

“आणि ट्रेचं? तीन वर्षं माझी रोपं मरत होती तेव्हा?”

“पहिल्या वर्षी सांगितलं होतं. म्हटलं, एवढं पाणी नका घालू. तुम्ही म्हणालात, तू आपलं घर बघ.”

मास्तरांना तसं म्हटल्याचं आठवेना. पण आपण तसंच म्हटलं असणार, याची त्यांना खात्री होती.

त्या दिवसापासून केंद्राचा वारा फिरला. मॅडमनी बायकोला कुंड्यांवरून काढलं आणि काटेगेंदाचं सगळं काम तिच्या हाती दिलं. पहिली अकरा रोपं दाखवायला म्हणून वरच्या कार्यालयात पाठवून दिली, लांब नळ्या मागवल्या, वर जाळी बांधून दिली. त्या हंगामात डोंगरावर पाच झाडं फुलली. दोघींनी फुलांवर पातळ कापडाच्या पिशव्या बांधून पाखरांपासून बी वाचवलं, अळीनं पोखरलेलं निवडून बाजूला काढलं आणि अठ्ठावन्न नळ्यांमध्ये अठ्ठावन्न रोपं उभी केली. रोज सकाळी मॅडम रोपवाटिकेत यायच्या, पूर्वी यायच्या तशाच. पण पूर्वी त्या मास्तरांच्या टेबलाशी थांबायच्या. आता “काय मास्तर, बरं आहे ना?” असं चालता चालता विचारून सरळ मागच्या भिंतीकडे जायच्या. मग तिथून दोघींचं हसणं ऐकू यायचं. एवढं हसण्यासारखं काटेरी झाडात काय असतं, हे मास्तरांना कळत नसे. ते कलमं बांधता बांधता कान तिकडे लावून बसायचे आणि कलम चुकायचं.

बायको बदलली नव्हती, हेच तर जास्त खुपायचं. ती पूर्वीसारखीच त्यांचा डबा भरायची, पूर्वीसारखीच त्यांच्या दोन पावलं मागून चालायची. फरक एवढाच की वाटेत भेटणारे लोक आता तिच्याशी आधी बोलायचे. तिला नवं नाव पडलं होतं, गेंदाबाई. मास्तरीणबाई कुणी म्हणेनासं झालं.

केंद्राचा ड्रायव्हर जुना दोस्त आणि तोंडाचा फटकळ. एकदा चहा पिताना म्हणाला, “मास्तर, तोंड का असं? पोटात दुखतंय का?”

“मला काय झालंय!”

“नाही, दुखत असेल तर सांगा. त्या मुळीचा काढा पोटावर चालतो म्हणतात. पण तुमच्या पोटदुखीला तो लागू पडायचा नाही, उलट वाढेल.”

सगळे हसले. मास्तरही तोंडदेखलं हसले. उरलेला चहा त्यांनी कुंडीत ओतला.

मग वरच्या कार्यालयातले पाहुणे आले. जाळीखाली ओळीनं उभ्या नळ्या, त्यांत हिरवीकरडी रोपं, मधोमध बायको. पाहुण्यांतल्या मोठ्या साहेबांनी तिला प्रश्न विचारले आणि तिनं आपल्या साध्या बोलीत उत्तरं दिली. “खरं सांगू का साहेब, हा डोंगर मोकळा झाला तो आमच्यासारख्यांमुळेच. लहानपणी एका दिवसाला मी पोतंभर मुळ्या काढल्यात. आई म्हणायची, फुलायच्या आत काढ, फुलली की मुळीचं लाकूड होतं. आम्हाला काय ठाऊक, की संपतील म्हणून. आता निदान तेवढी परत लावून जाईन म्हणते.”

साहेबांनी मान डोलावली. मास्तरांनी ते शब्द पहिल्यांदाच ऐकले. घरात, समोरासमोर बसून, ती हे कधी बोलली नव्हती. आणि इथे परक्या माणसापुढे कशी घडाघडा बोलत होती.

फोटोची वेळ आली. फोटो काढणाऱ्यानं कॅमेऱ्याला डोळा लावला आणि मास्तरांना म्हणाला, “काका, जरा बाजूला व्हाल? तुमची सावली पडतेय रोपांवर.” मास्तर बाजूला झाले. साहेबांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी जाता जाता मास्तरांचा हात हातात घेतला. “तुम्ही बाईंचे मिस्टर का? वा, वा. छान. बाईंना साथ द्या हं.”

मास्तर म्हणाले, “हो.”

रविवार होता. रोपं पंधरा दिवसांत डोंगरावर लावायची होती, म्हणून बायको आणि मॅडम जागा आखायला जीपनं वर गेल्या होत्या. मास्तर दुपारी डबा खाऊन रोपवाटिकेत आले. किल्ली त्यांच्याकडेच असायची. आत चिटपाखरू नव्हतं. ते मागच्या भिंतीशी गेले आणि अठ्ठावन्न रोपांसमोर उभे राहिले. खरंच चांगली होती रोपं. सत्तावीस वर्षांच्या डोळ्यांना खोटं बोलता येत नव्हतं. इतकी एकसारखी, इतकी तगडी रोपं त्यांनी स्वतः क्वचितच वाढवली असतील.

ऊन फार आहे, असं ते मनाशी म्हणाले. थोडं पाणी द्यायला काय हरकत आहे?

त्यांनी नळ सोडला. नळीच्या तोंडाशी पाणी साठेपर्यंत एकेका रोपाला भरलं. ते खाली मुरलं तसं पुन्हा भरलं. मग तिसऱ्यांदा. मग कलमांवर घालतात तो प्लास्टिकचा कागद आणून वरून झाकला आणि कडेला विटा ठेवल्या. दोन तास आपल्या टेबलाशी बसून राहिले. आत वाफ धरून कागद पांढरा झाला. संध्याकाळ व्हायच्या आत त्यांनी कागद काढला, पुसला, घडी करून जागेवर ठेवला. रबरी पाइप गुंडाळून खुंटीला लावला. तो अगदी नीट गुंडाळला गेला. पुढे कितीतरी दिवस त्यांना त्याचंच नवल वाटत राहिलं.

सोमवारी सकाळी बायकोनं पहिल्याच नळीत बोट खुपसलं आणि तशीच थांबली. मग दुसऱ्या, मग तिसऱ्या.

“ओलंय,” ती म्हणाली.

“दव पडलं असेल,” मास्तर पलीकडून म्हणाले.

वाळूत बोटभर खोल दव मुरत नाही, हे सांगायला कुणी संशोधक लागत नाही. तिनं फक्त एकदा वळून त्यांच्याकडे बघितलं. मग एकटीनं एकेक नळी उचलून उन्हात नेली, बुडाला खडी घातली, वरची वाळू हातानं उकरून सैल केली. मास्तर कलमं बांधत बसले. मदतीला ये, असं ती म्हणाली नाही.

बुधवारपर्यंत मर लागली. रोपं मानेशी काळी पडली आणि एकेक करून आडवी झाली. ती पडायची रीत मास्तरांच्या चांगली ओळखीची होती; तीन वर्षं ट्रेमध्ये ती त्यांनी बघितली होती. अठ्ठावन्नातली नऊ वाचली, शेवटच्या ओळीतली, जिथे पाइप नीट पोचत नव्हता.

मॅडम आल्या, नळ्यांशी गुडघ्यांवर बसल्या. “काय झालं हे?”

मास्तर बायकोकडे बघू लागले. बायको नळ्या रिकाम्या करत होती. मान वर न करता म्हणाली, “माझ्याकडून झालं, मॅडम. पाणी जास्त झालं.”

“तुमच्याकडून?”

“हो. वाटलं, लावायच्या आधी जरा भरपूर द्यावं. चुकलं.”

मॅडमनी आडवं झालेलं एक रोप बोटानं उचलून बघितलं. मग उठून हात झटकत म्हणाल्या, “मास्तर, ही नऊ आता तुमच्या टेबलाजवळ ठेवा. तुम्हीच बघा.” आवाजात राग नव्हता. एखाद्या माणसावरचा विश्वास उडाला की आवाज जसा सपाट होतो, तसा झाला होता. त्या बायकोकडे न बघता निघून गेल्या.

म्हणजे मास्तर जिंकले होते.

घरी त्या दिवशी ताटं वाढून झाल्यावर मास्तरांनी विचारलं, “का सांगितलंस तसं?”

“मग काय सांगायला हवं होतं? सत्तावीस वर्षं लोक मास्तर म्हणतात तुम्हाला. तेवढं तरी राहू दे.” तिनं पाण्याचा तांब्या त्यांच्यासमोर ठेवला. “तुम्ही मला मारलं असतं तरी मी एवढी... जाऊ दे. जेवा.”

ती पुन्हा कुंड्या धुवायला लागली. नऊ नळ्या मास्तरांच्या टेबलाशेजारी आल्या. आणि मास्तरांना कळून चुकलं, की त्यांना या रोपांचं काहीच कळत नाही. पाणी द्यायला हात उचलायचे आणि तो तसाच मागे यायचा. दोन पानं पिवळी पडली. ही तहान की अजून ओल? पलीकडे हौदाशी बायको कुंड्या घासत होती, वीस पावलांवर. जाऊन एक प्रश्न विचारायचा होता. ते तिथवर जायचे, हौदात हात धुवायचे आणि परत यायचे. असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी ते हात न धुता मॅडमच्या खोलीत गेले.

“ते पाणी मी घातलं होतं,” मास्तर दारातूनच म्हणाले. “त्या रविवारी. तुम्ही दोघी वर गेला होतात तेव्हा. मुद्दाम.”

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “मुद्दाम?”

“तिनं माझं नाव घेतलं नाही, म्हणून मी सांगतोय.”

“पण का, मास्तर?”

सांगण्यासारखं खूप होतं. सावली, फोटो, मिस्टर, ते हसणं. तोंडातून एवढंच आलं, “मला बघवेना.”

मॅडम खिडकीबाहेर डोंगराकडे बघत म्हणाल्या, “यंदा पाचच झाडं फुलली होती. त्या पाचांचं सगळं चांगलं बी त्या नळ्यांमध्ये होतं. ती झाडं आता मेलीत. पुन्हा फुलणार नाहीत. तुम्हाला हे माहीत होतं ना?”

“होतं.”

“मला हे लिहावं लागेल.”

“लिहा.”

मास्तरांना नोकरीवरून काढलं नाही. इतक्या वर्षांच्या कामाचा मान म्हणून फाटकावर बसवलं. बायको पुन्हा रोपांवर गेली. त्यांना वाटलं होतं, आपण खरं सांगितलं हे कळल्यावर ती काहीतरी बोलेल. ती बोलली ते एवढंच, “सांगायचं होतं तर त्याच दिवशी सांगायचं. आठ दिवस मॅडम माझ्याशी बोलल्या नाहीत.”

फाटकाची खोली दोन माणसं उभी राहतील एवढी. आडवा बांबू दोरीनं वर-खाली करायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद वहीत करायची: नाव, वेळ, काम. रोज सकाळी जीप डोंगराकडे निघायची. पुढे ड्रायव्हर आणि मॅडम, मागे बायको, मांडीवर नळ्यांची पेटी. मास्तर बांबू वर करायचे. जीप वळणाआड जाईपर्यंत मागच्या काचेतून तिचं डोकं दिसायचं, आणि ते मॅडमच्या बोलण्याला डोलताना दिसलं की त्यांच्या छातीत पूर्वीसारखंच काहीतरी चावायचं. आपण चुकलो, हे कळल्यावर हे थांबेल अशी त्यांची समजूत होती. ते थांबलं नाही. फक्त आता त्यावर करण्यासारखं काही हाताशी नव्हतं.

नऊ रोपं डोंगरावर लागली. त्यातली पाच पहिल्या उन्हाळ्यात गेली, चार राहिली. दुसऱ्या वर्षी तिनं नवी रोपं केली, तिसऱ्या वर्षी त्याहून जास्त. मुळ्या काढणाऱ्या बायकांपैकी तिघी तिच्या हाताखाली राखणीला आल्या. डोंगरावरच्या झाडांचा आकडा शंभराच्या वर गेला, हे मास्तरांना ड्रायव्हरकडून कळलं. ते स्वतः कधी वर गेले नाहीत. तिनं नको म्हटलं नव्हतं आणि या असंही म्हटलं नव्हतं.

पाचव्या वर्षी, मास्तरांच्या निवृत्तीला सहा महिने राहिले असताना, एका दुपारी बायको डोंगरावरून पायी खाली आली. चालत कसली, जवळजवळ पळत. बांबूखालून वाकून आत शिरली. मास्तर खोलीतून बाहेर येईपर्यंत ती कार्यालयाच्या पायऱ्या चढली होती.

“मॅडम! त्या चारांतला एक फुलला! अख्खा निळा झालाय, बघायला चला!”

एकच धांदल उडाली. कुणी कॅमेरा घेतला, कुणी पिशव्या, कुणी नुसतंच जीपमध्ये चढलं. बायको मधोमध दाटीवाटीनं बसली होती. फाटकाशी जीप थांबली तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, “मास्तर, चला की. मागे उभे राहा.”

मास्तरांनी जीपमध्ये बघितलं. बायको शेजारच्या बाईला हातानं फुलाचा आकार दाखवत होती.

“फाटक कोण बघणार?” ते म्हणाले आणि त्यांनी बांबू वर केला. मग आत जाऊन वहीत वेळ लिहिली, माणसं सहा, काम: काटेगेंद बघणे.

दिवेलागणीच्या आधी सगळे परत आले. जीप आत गेली. बायको मात्र फाटकाशीच उतरली आणि खोलीच्या दारात आली. तिच्या कपड्यांना धूळ होती आणि चेहरा उन्हानं लाल झाला होता.

“चष्मा आहे ना तुमच्याजवळ?” तिनं उजव्या हाताचं बोट पुढे केलं. “केव्हाचं सलतंय. मला दिसत नाहीये.”

मास्तरांनी चष्मा लावला. वहीला टोचलेली टाचणी काढून शर्टाला पुसली. तिचा हात उजेडाकडे धरला. कितीतरी दिवसांनी तो हात त्यांच्या हातात आला होता. माळ्याचा हात झाला होता तो, नखांत माती, तळवा खरखरीत. काटा खोल गेला होता. ते श्वास रोखून, कलमाची साल सोडवावी तशी कातडी सोडवत राहिले. एकदाचं टोक वर आलं आणि त्यांनी ते नखांत धरून ओढलं.

“दुखलं?”

“नाही.” तिनं बोट तोंडात घातलं, मग काढून बघितलं. “मी होते पुढे. मॅडमनी थांबायला सांगितलंय.”

“हो. जा.”

ती आत गेली. कार्यालयात दिवे लागले होते आणि पुन्हा पुन्हा कुणीतरी हसत होतं. मास्तरांनी काटा तळहातावर घेतला आणि उजेडात धरला. करडा, टोकाशी किंचित काळपट. त्याच्या बुडाला निळा, केसाएवढा एक तंतू चिकटला होता. ते तो बराच वेळ बघत राहिले. मग बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली. त्यांनी मूठ मिटली आणि दुसऱ्या हातानं दोरी ओढून बांबू वर केला.